तळहातावरचा कापूर

या, असे जवळ सरकून बसा. तिकडे दाराशी टेकलात तर अर्धंच ऐकू येईल, आणि ही गोष्ट अर्धी ऐकण्यासारखी नाही. कीर्तनाला बसता तशी मांडी घाला. देऊळ आहे हिच्यात, आरती आहे, खंजेरी आहे. शेवट मात्र गोड करून सांगणार नाही. जसा झाला तसा सांगेन. गोष्ट फुलवंताची आहे.

त्या शनिवारी सकाळी फुलवंता मोटारसायकलवर मधे दाबून बसली होती. पुढे तिचा नवरा रामलाल, मागे शेजारची अनुसयाबाई. आरोग्य केंद्र दवनीवाड्याला. त्याच्या अलीकडे रस्ता खराब, त्यात दोन्ही बाजूंनी धानाची कापणी चाललेली, कापून टाकलेल्या कडपा वाटेपर्यंत आलेल्या. गाडी उसळली की अनुसयाबाई फुलवंताच्या कंबरेला मिठी मारायची आणि तिच्या कानात बोलायची.

"मले महारोग निघाला त सून मले गोठ्यात टाकते पाह्य, फुलवंता. वाटच पाहून राहिली थे."

"काई निघत नाई. अन् निघाला तरी गोळ्या आहेत. फुकट भेटतेत. माणूस बरा होते."

"तुले काय जाते बोलाले. माह्या दंडावर आहे चट्टा, तुह्या नाई." मग मान काढून तिनं पुढे पाहिलं. "पन मी कायले भिऊ? रामलालभाऊ संगं आहेत ना. काल मी त्यायचा हात लावून घेतला चट्ट्यावर."

 वाऱ्यात रामलालचा दुपट्टा फडफडत होता आणि तो पुढं बघून गाडी हाकत होता. पण त्याला ते ऐकू आलं होतं आणि बरं वाटलं होतं, हे फुलवंताला त्याच्या पाठीवरून कळलं. वीस वर्षांच्या संसारात पाठ वाचता येते.

फुलवंता गावची आशाताई. सरकारी दवाखान्याची गावातली बाई. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं, लेकरांना डोस पाजायचे, आणि वर्षातून एकदा घरोघर फिरून माणसांच्या अंगावरचे चट्टे पाहायचे. या भागात कुष्ठरोग अजून आहे, म्हणून ही पाहणी. बायांना बाईनं तपासायचं, पुरुषांना पुरुषानं. घरातलं प्रत्येक माणूस पाहून झालं की दारावर गेरूनं इंग्रजी एल काढायचा. कोणी राहिलं असेल तर फुली, म्हणजे परत यायचं.

तिच्या जोडीला पुतण्या खुमेंद्र असायचा. आठ वर्षं ही पाहणी केली. आठही वर्षं पहिला एल तिनं आपल्याच दारावर काढला. हात चालता करायचा म्हणून, आणि घरचं काय बघायचं म्हणून. पहिली काही वर्षं खुमेंद्र निदान विचारायचा, "काका, सदरा काढता का?" मागच्या तीन वर्षांत तेही थांबलं. "यायची काय तपासनी करू, काकू? यायच्या त पाया पडा लागते," असं म्हणून तो खरंच पाया पडायचा, आणि दोघं पुढच्या घरी जायची.

ते पाया पडणं कुठून आलं, ते आता सांगतो.

रामलाल हनुमान मंदिराच्या भजनी मंडळात खंजेरी वाजवायचा. दोन एकर धान, चार शेळ्या, आणि खंजेरी. बोलायला मुखदुर्बळ माणूस, चौघांत कोणी त्याचं मत विचारायचं नाही. पण खंजेरी हातात आली की गावाला तो दिसायचा. तीन वर्षांपूर्वी सप्त्याच्या शेवटच्या दिवशी आरती रंगात आली असताना ताटातली जळती कापराची वडी घरंगळली आणि खाली, त्याच्या उजव्या तळहातावर पडली. तो डोळे मिटून गात होता. गातच राहिला. वडी जळून विझली तरी त्याच्या सुरात फरक नाही. बाहेरगावाहून आलेल्या कीर्तनकार बुवांनी ते पाहिलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि स्वतःचं उपरणं त्याच्या गळ्यात घातलं. बुवांची त्यात काही चूक नव्हती. भक्ताला विस्तव जाळत नाही, हे त्यांनी तासभर आधीच गाऊन सांगितलं होतं, आणि समोर घडताना दिसलं. तुम्ही-मी असतो तर आपणही हात जोडले असते.

फुलवंतानंही जोडले.

तेव्हापासून दर शनिवारी आरतीच्या शेवटी रामलाल तळहातावर कापूर घ्यायचा. फोड यायचे, फुलवंता हळद लावायची. दुखतं का म्हणून विचारलं तर तो हसायचा. "नाई गा. फूल ठेवल्यावानी लागते." लोक आजारी लेकरं आणू लागले. ज्याला कोणी मत विचारत नव्हतं, त्याचा हात लोक कपाळाला लावू लागले.

तर, आरोग्य केंद्रात.

दुर्गाप्रसाद साहेब खिडकीपाशी टेबल घेऊन बसले होते. कुष्ठरोगाचे तंत्रज्ञ, गोंदिया शहरातले, निवृत्तीला सहा महिने उरलेले. त्यांचं टेबल नेहमी खिडकीशी असायचं. चट्टा दिव्याखाली पाहायचा नसतो, उन्हाच्या उजेडात पाहायचा असतो, हे फुलवंताला त्यांनीच शिकवलं होतं.

"आओ, आशाताई. कोणाला आणलं?"

"हे अनुसयाबाई, साहेब. दंडावर चट्टा आहे."

साहेबांनी अनुसयाबाईचा दंड उजेडात वळवला. चट्टा गोल, कडा लालसर, वर भुसा सुटलेला.

"खाज येते?"

"खाज? बापा, काय सांगू. भांडे घासाच्या काथ्यानं खाजवतो मी."

"मग भिऊ नका. आम्हाला भीती न खाजणाऱ्या चट्ट्याची." त्यांनी कापसाची बारीक वात काढली. "डोळे मिटा. मी लावतो. जिथं लागलं वाटेल तिथं बोट ठेवायचं. चोरून पाहायचं नाही."

"मी काय चोट्टी आहे?"

कापूस टेकला रे टेकला की अनुसयाबाईचं बोट तिथं. चट्ट्याच्या मधे, कडेला, बाहेर. एकदा तर साहेबांच्या बोटावरच तिनं टिचकी मारली.

"गजकर्ण आहे. मलम देतो, सहा आठवडे लावा. अन् सुनेचा टॉवेल वापरू नका."

"माहा टॉवेल थे वापरते, साहेब. तिले सांगा." अनुसयाबाई इतकी हलकी झाली की तिला बसवेना. दाराबाहेर बाकावर बसलेल्या रामलालला तिनं ओरडून सांगितलं, "भाऊ, गजकर्ण व्हय. तुमच्या हातानं वाचलो."

तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. स्टीलचे ग्लास, चहा नुकता उतरवलेला. साहेबांनी ग्लासाला रुमाल गुंडाळला. अनुसयाबाईनं पदर धरला, फुलवंतानंही. रामलालला आत बोलावलं होतं. त्यानं काठोकाठ भरलेला ग्लास उजव्या हातात, पाची बोटांनी धरला, आणि धरून उभा राहिला. पिईना, कारण तोंडाला गरम लागत होता. वाफ त्याच्या नाकाशी जात होती. फुंकर मारत तो उभा.

साहेबांचा ग्लास टेबलावरच राहिला.

"रामलालभाऊ, हाताला गरम लागत नाही?"

उत्तर अनुसयाबाईनं दिलं, कौतुकानं. "त्यायले नाई लागत, साहेब. देवाची किरपा आहे. जळता कापूर घेतेत हातावर."

"तीन वर्सं झाले, साहेब," फुलवंताही म्हणाली. आवाजात अभिमान होता, खोटं कशाला सांगू. "काई कळतच नाई त्यायले. गरम नाई, चटका नाई..."

आणि तिथंच तिचा आवाज थांबला.

तिच्या पिशवीत प्रश्नांचं जाड कार्ड होतं. घरोघर तिनं ते इतक्यांदा वाचलं होतं की कार्ड काढायची गरज पडायची नाही. अंगावर फिकट डाग आहे का. तिथं गरम-थंड कळतं का. चटका लागतो का. हातातून वस्तू सुटते का. गावातल्या प्रत्येक बाईला विचारलेले प्रश्न. मागच्या पावसाळ्यात रोवणीच्या वेळी रामलालच्या हातातून चहाची बशी दोनदा सुटली होती. ती म्हणाली होती, ध्यान कुठं राहते तुमचं.

साहेबांनी रामलालच्या हातातून ग्लास काढून टेबलावर ठेवला. 

"बसा इथं," साहेब म्हणाले. "सदरा काढा. जरा उजेडात."

कोपराच्या वर, दंडाच्या मागच्या बाजूला चट्टा होता. तळहाताएवढा, फिकट, कोरडा, त्यावर लव नाही. फुलवंतानं तो पाहिलेला होता. शेतातल्या माणसाची कातडी, ऊन लागतं, म्हणून सोडून दिलेला. साहेबांनी कोपराच्या मागे बोट घातलं आणि शीर चाचपली. त्यांच्या बोटाखाली ती दोरीसारखी सरकलेली फुलवंताला दिसली. निरोगी माणसाची अशी दिसत नाही. तीही त्यांनीच शिकवलेली गोष्ट.

"डोळे मिटा. जिथं लागेल तिथं डाव्या हाताचं बोट ठेवा."

रामलालनं डोळे मिटले. भजनात मिटायचा तसेच.

कापूस चट्ट्यावर टेकला. रामलाल थांबून राहिला. परत टेकला. तो थांबूनच. साहेबांनी तळहाताकडे जाऊन करंगळीच्या बाजूला पेनाचं टोक टेकवलं, आणि त्याच क्षणी फुलवंताच्या बांगड्या वाजल्या. रामलालनं झटकन बोट ठेवलं. चुकीच्या जागी, पण ठेवलं. साहेबांनी पुन्हा पेन टेकवलं. पुन्हा बांगड्या वाजल्या. पुन्हा बोट.

आपण काय करतो आहोत, हे तिला तिसऱ्या वेळेला कळलं. पेशंटच्या घरची माणसं खोकतात, पाय आपटतात, खूण देतात. त्यांना बाहेर काढायचं असतं. तिनं स्वतः कितीतरी सासवांना आणि नवऱ्यांना बाहेर काढलेलं होतं.

"फुलवंताबाई," साहेब वर न पाहता म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा."

ती बाहेर बाकावर बसली. शेजारी अनुसयाबाई होती. फुलवंता बसली तशी ती उठली, भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता पाहायला म्हणून. मग फाटकाकडे गेली.

आतून साहेबांचा आवाज यायचा, "हं?" मग काही नाही. परत, "हं?" परत काही नाही. फुलवंतानं आयुष्यात पुष्कळ वाट पाहिली होती, बाळंतिणीच्या दाराशी रात्र रात्र. तिथं शेवटी रडणं तरी ऐकू येतं. इथं काहीच ऐकू येत नव्हतं.

थोड्या वेळानं साहेबांनी तिला आत बोलावलं आणि तिचंच कार्ड मागितलं. रामलालच्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात ते अडकवलं. "घट्ट धरा. मी ओढतो. सोडायचं नाही." रामलालनं दात आवळले. कपाळावर शीर आली. साहेबांनी कार्ड ओढलंच नाही म्हटलं तरी चालेल. ते आपोआप घसरलं आणि फरशीवर पडलं. फुलवंतानं वाकून उचललं.

डॉक्टरबाईंनीही येऊन पाहिलं, कागद भरला, सही केली. मग साहेबांनी खुर्ची रामलालच्या समोर ओढली.

"देखो भाऊ. बारा महिने गोळ्या. एक दिवस चुकवायचा नाही. आजार जाईल, पूर्ण जाईल. घरातल्या सगळ्यांना एक-एक डोस देतो."

"अन् हात?" रामलालनं विचारलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "नस मेल्याला वर्षं झाली. सहा महिन्यांच्या आत आला असता तर त्याची दुसरी गोळी होती. आता बोटं आणखी वाकू नयेत म्हणून व्यायाम सांगतो. जे कळायचं गेलं, ते गेलं."

"खंजेरी?"

"जमेल तेवढी. डाव्या हातानं."

रामलाल बराच वेळ आपल्या तळहाताकडे पाहत राहिला. जुन्या फोडांचे काळे डाग, हळदीचा पिवळेपणा. "आज शनवार आहे," तो म्हणाला. "कापूर?"

"नाही. आगीजवळ हात न्यायचाच नाही. भाजेल अन् तुम्हाला कळणार नाही."

"कळत नाई," रामलाल हळूच म्हणाला, "थेच त देवाचं होतं ना, साहेब."

 पस्तीस वर्षं दुर्गाप्रसाद साहेबांनी लोकांना सांगितलं होतं की हा देवाचा कोप नाही, पाप नाही, जंतू आहे. ही देवाची कृपा नाही, हे सांगायची पाळी पहिल्यांदा आली होती. त्यांनी कागदावर मान घातली आणि फुलवंताला विचारलं, "तुमच्या घराला मागच्या पाहणीत काय मार्क होता?"

"एल."

"तपासलं होतं?"

"घरचे होते, साहेब."

 ती दोघं निघाली तेव्हा साहेब दारापर्यंत येऊन म्हणाले, "तुमची पाठ कोणी पाहिली आहे का, ताई? कधी?"

तिनं मान हलवली. गावातल्या सगळ्या बायांची पाठ तिनं पाहिली होती. तिची कोण पाहणार?

बाहेर अनुसयाबाई फाटकाशी उभी होती, पदर नाकाला लावून. फुलवंता जवळ आली तशी ती दोन पावलं मागं सरली.

"तुमी जा पुढं. मी येतो जीपगाडीनं."

"काऊन? जागा आहे ना."

"माहा नातू त्यायच्या हाताखाली निजवला होता मी, फुलवंता," अनुसयाबाई म्हणाली. ती रागावली नव्हती. तिचे डोळे भरले होते, आणि तेच फुलवंताला जास्त लागलं. "चार डाव निजवला."

"तसं नाई लागत, अनुसयाबाई. अन् लागला तरी माणूस बरा होते, मीच त सांगतलं ना तुले, गाडीवर."

"सांगतलं होतं. तवा तुले तरी मालूम होतं का?"

परतताना गाडीवर मागची जागा मोकळी होती. फुलवंताला सरकून ऐसपैस बसता आलं असतं. ती तशीच, दाबून, नवऱ्याच्या पाठीला लागून बसली. आज त्या पाठीवरून तिला काहीही वाचता आलं नाही.

घरी मुलगी नीतू दहावीचा अभ्यास करत होती. साहेबांनी घरच्यांसाठी दिलेली गोळी का घ्यायची, हे तिनं विचारलं नाही. आईच्या तोंडाकडे पाहून घेऊन टाकली. रामलाल बाजेवर बसून होता. दिवेलागणीला मंदिराची घंटा वाजली तसा तो उठला, हातपाय धुतले, बुवांचं उपरणं गळ्यात घातलं.

"नका जाऊ आज," फुलवंता म्हणाली.

"वाट पाहतीन लोक."

लोक वाट पाहत नव्हते. अनुसयाबाईची जीपगाडी दुपारीच गावात पोचली होती, आणि बातमीही. मंदिरात नेहमी रामलालची जागा पेटीच्या शेजारी. तिथं आज सतरंजी नव्हती. तो भिंतीशी बसला. खंजेरी मंडळातल्या हेमेंद्र नावाच्या पोरगेल्या वादकाच्या हातात होती, ठेका धावत होता. आरती झाली. ताट फिरू लागलं. प्रत्येकानं ज्योतीवर हात धरला आणि तोंडावरून फिरवला. रामलालपाशी ताट आलं तेव्हा ताट धरणाऱ्याचे पाय घुटमळले, आणि ताट पुढच्या माणसाकडे गेलं. कोणी काही वाईट बोललं नाही. तेवढं गाव चांगलं होतं.

बायांच्या बाजूला बसलेली फुलवंता उठली. पुरुषांमधून वाट काढत गेली, ताट धरणाऱ्याच्या हातातून तिनं ताट घेतलं आणि नवऱ्यासमोर येऊन बसली. 

"घ्या आरती."

रामलालनं दोन्ही हात उपरण्याखाली घातले. "मले कळनार नाई," तो म्हणाला.

तिनं ताट खाली ठेवलं. स्वतःचे तळवे ज्योतीवर धरले, चांगले तापेपर्यंत, आणि ते नवऱ्याच्या दोन्ही गालांवर ठेवले. सगळ्या गावासमोर. त्यानं डोळे मिटले.

"लागलं?" तिनं विचारलं. तिच्या तोंडून तोच शब्द आला, तपासणीचा.



"लागलं," तो म्हणाला. "पन हे तुहे हात व्हय, फुलवंता. थो नाई."

दुसऱ्या शनिवारपासून तो मंदिरात गेला नाही. खंजेरी त्याच्या घरी परत आली ती खुंटीला आहे. गोळ्या तो वेळेवर घेतो. फुलवंता हातावर ठेवते, आणि ठेवली हे त्याला सांगते, कारण डोळे दुसरीकडे असले तर त्याला समजत नाही. जंतू मरत आहेत. माणूस बाजेवर बसून असतो. एकदा नीतूनं त्याला विचारलं, बाबू, काय पाहून राहिले? तर म्हणाला, काई नाई, हात पाहून राहिलो.

त्या आरतीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी फुलवंतानं ओल्या फडक्यानं आपल्या दारावरचा एल पुसला. गेरू जुना, आठ वर्षांचा थरावर थर. लाकडात मुरलेला, पुरता निघाला नाही. त्यावरच तिनं फुली काढली. मग पिशवी खांद्याला लावून ती पाहणीला निघाली. अनुसयाबाईचं दार लोटलेलं होतं, आतून भांड्यांचा आवाज येत होता. फुलवंतानं कडी वाजवली, थांबली. परत वाजवली. मग चौकटीवर एक फुली काढली आणि पुढच्या घरी गेली. त्या दिवशी गल्लीत नऊ घरांवर फुल्या पडल्या. म्हणजे परत यायचं. ती दर रविवारी परत जाते.

तिची स्वतःची पाठ अजून कोणी पाहिलेली नाही.

एवढीच गोष्ट. आता उठाल, घरी जाल, देवापुढं दिवा लावाल. माझं एक मागणं आहे. ज्योतीवर हात धराल आणि तळव्याला ऊब लागेल, तेव्हा हात लगेच तोंडावरून फिरवू नका. क्षणभर थांबा, आणि फुलवंताची आठवण काढा.